दोन पावसाळे, दोन फूट लाल माती आणि बॅरलभर जीवामृत

भोसरी-चिंचवडकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी 'खरं का रे?' असं विचारून. मजकूर थोडक्यात असा: बंद पडलेल्या कंपनीच्या जागेवर फ्लॅट घ्यायला घाबरू नका. दोन पावसाळ्यांत माती धुऊन निघते. उरलंसुरलं मोहरी आणि सूर्यफूल शोषून घेतात, जीवामृतातले, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाच्या द्रावणातले, जिवाणू बाकीचं खातात. वर दोन फूट लाल माती टाकली की विषय संपला. वास येत नसेल तर जमीन स्वच्छच. बाकी सगळं कन्सल्टंट लोकांचं दुकान.

मी त्याच दुकानातला, मातीचे नमुने काढून पोट भरणारा. तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबानेच वाचा.

पावसाने माती 'धुऊन निघते' म्हणजे त्यातलं विष जातं कुठे? आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, त्यामुळे पाणी फारसं मुरत नाही असं पुष्कळांना वाटतं. पण आपल्या बोअरला पाणी लागतं ते त्याच दगडाच्या भेगांतून आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या सांध्यातून. वर काळी माती असेल तर ती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि वळवाचं पाणी सरळ खाली उतरतं. क्रोम प्लेटिंगच्या टाकीतून वर्षानुवर्षं गळलेलं सहा-संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं पाण्यात विरघळणारं, विषारी रूप) या पाण्याबरोबर छान प्रवास करतं. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पाणी बिघडायला थोडकंही पुरतं. प्लॉट 'धुतला' गेला तर धुवण शेजारच्या सोसायटीच्या बोअरमध्ये. शिशाचं उलटं: ते मातीच्या कणांना धरून बसतं, दोन काय वीस पावसाळ्यांत हलत नाही. आणि सुटे भाग धुवायला वापरायचे ते ट्रायक्लोरोएथिलीन पाण्याच्या जवळपास दीडपट जड, ते भेगांतून तळाशी जाऊन बसतं. तमिळनाडूत राणिपेटला क्रोमेटचा कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला. मागे राहिलेला लाखाहून अधिक टनांचा ढीग पावसाने स्वच्छ केला नाही, त्यातलं क्रोमियम भूजलात मात्र नेलं.

मोहरीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मोहरी काही जड धातू खरोखर उचलते. पण मुळं पोहोचतात तेवढ्याच खोलीतून, आणि हंगामामागून हंगाम. मग ते पीक उपटून घातक कचरा म्हणून द्यावं लागतं, नाहीतर तेच धातू परत मातीत. (उघड्या प्लॉटवर मोहरी हिरवीगार दिसली की कुणी तरी भाजीला खुडणार, हेही धरून चाला.) चेर्नोबिलच्या सूर्यफुलांचा दाखला लोक हमखास देतात. ती फुलं तळ्याच्या पाण्यात तरंगत्या तराफ्यांवर लावली होती, शेतात नव्हे.

जीवामृताची गंमत वेगळीच आहे, कारण त्यातल्या गुळात तथ्याचा खडा आहे. साखर कारखान्याची मळी (साखर काढल्यावर उरणारा गोड पाक) बोअरमधून जमिनीत सोडून सहा-संयुजी क्रोमियमचं कमी घातक आणि जागचं न हलणारं तीन-संयुजी रूप करतात, ही मान्य पद्धत आहे. तेल सांडलेल्या मातीवर जिवाणूही उत्तम चालतात. दिल्लीच्या 'टेरी' या संशोधन संस्थेने त्यासाठी 'ऑइलझॅपर' हे जिवाणूंचं मिश्रण तयार केलं. पण शिसं, कॅडमियम कुठलाच जिवाणू खाऊन संपवत नाही, ती मूलद्रव्यं आहेत. आणि ट्रायक्लोरोएथिलीन अर्धवट कुजलं तर मध्ये व्हिनाइल क्लोराइड तयार होतं, ते मूळच्यापेक्षा वाईट. म्हणून आधी जमिनीत काय आहे आणि किती खोल आहे ते मोजायचं, मग औषध ठरवायचं. झारीने शिंपडून वीस फुटांवरचं क्रोमियम बरं होत नाही.

वासाबद्दल एक वाक्य पुरे: शिशाला वास नसतो.

आता दोन फूट लाल माती. वरून कीर्तन, आतून तमाशा. दूषित माती जागेवरच झाकून ठेवणं हीसुद्धा खरी पद्धत आहे, पण त्यात अभेद्य थर लागतो, पाण्याचा निचरा लागतो, भोवतीच्या बोअरचं पाणी वर्षानुवर्षं तपासावं लागतं आणि तिथे पुन्हा खोदायचं नसतं. इथे तर बिल्डर दोन मजली पार्किंगसाठी वीस-पंचवीस फूट खोदतो! वरच्या दोन फुटांची चर्चा चालू असताना खालची सगळी माती हायवा डंपर भरभरून बाहेर पडलेली असते. त्यात प्लेटिंग शॉपखालची मातीही आली. तिची जागा रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात, परिवहन पत्रकासह (कचरा कुठून कुठे गेला त्याची नोंद). ती भरते मात्र कुणाचं तरी शेत, नाहीतर नदीकाठचा खोलगट भाग.

दुकानाचं म्हणाल तर चाचणीला पैसे लागतात, खरंय. न केल्याचा खर्च पाहायचा असेल तर भोपाळ पाहा. युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा पिथमपूरला हलवायला जानेवारी २०२५ उजाडलं, आणि आवारात मागे राहिलेली दूषित माती त्या आकड्यात धरलेलीच नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी वेगळे नियम काढले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने द्यायची आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसायचा, असं त्यात आहे.

मेसेज पाठवणाऱ्या मित्राला म्हटलं, लाल मातीचं सोड, बेसमेंटची माती कुठे गेली ते विचार आणि पावती माग. तो साइट ऑफिसात जाऊन आला. उत्तर मिळालं, "सर, ती तर केव्हाच भरावाला गेली. चांगली माती होती, लोक मागून नेत होते."