ओहायो स्टेटचा नवा संघ तोलताना

(हा अंदाज २०२५च्या हंगामाआधीचा आहे.) ३० ऑगस्ट २०२५ रोजी कोलंबसच्या ओहायो स्टेडियममध्ये टेक्सासविरुद्ध अमेरिकन विद्यापीठ फुटबॉलच्या नव्या हंगामाचा पहिला सामना सुरू होईल, तेव्हा मैदानात उतरणारा ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ नावाने गतविजेता असेल. पण अजिंक्यपद ज्यांनी जिंकले, त्यांतले बहुतेक जण त्यात नसतील. जानेवारीत नोटर डेमला ३४-२३ असे हरवणाऱ्या त्या संघातले १४ खेळाडू एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडीच्या फेऱ्यांत, निवडले गेले आणि त्यांपैकी चौघे पहिल्याच फेरीत गेले. आक्रमणाची आखणी करणारे चिप केली लास व्हेगासच्या व्यावसायिक संघाकडे गेले, तर बचावाचे सूत्रधार जिम नोल्स थेट पेन स्टेट या प्रतिस्पर्ध्याच्या गोटात दाखल झाले. इतके सगळे बदलल्यावर संघ किती बळकट आहे, हे प्रत्येक जागेचा वेगळा विचार केल्याशिवाय कळणार नाही.

कोलंबसमध्ये स्थायिक झालेल्या किंवा इथे शिकून इतरत्र गेलेल्या आम्हा मराठी मंडळींच्या गप्पांत सध्या दोनच नावे आहेत, झेल घेणारा जेरेमाया स्मिथ आणि नवा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा, ज्युलियन सायन. दोन्ही नावे चर्चेला योग्यच आहेत. पण अमेरिकन फुटबॉलचा संघ तोलायचा असेल तर सुरुवात चेंडूच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर वाकून उभ्या राहणाऱ्या धिप्पाड फळ्यांपासून करावी आणि मग बाहेरच्या बाजूला सरकत जावे, असे माझे ठाम मत आहे. गेल्या हंगामाने हे मत पक्के केले. टेक्सासविरुद्धच्या उपांत्य सामन्यात स्मिथला अवघा एक पास झेलता आला, तोही तीन यार्डांचा, आणि तरीही ओहायो स्टेट २८-१४ असे जिंकले. उलट नोव्हेंबरात मिशिगनसमोर झेल घेणारे सगळे मातब्बर खेळाडू उपलब्ध होते, पण मधल्या फळीला समोरची भिंत हलवता आली नाही, धावून शंभर यार्डही मिळाले नाहीत आणि आपण आपल्याच मैदानावर १३-१० असे हरलो, तेही सलग चौथ्या वर्षी.

म्हणून पहिला प्रश्न आक्रमणाच्या फळीचा. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल, अशा या पाच जणांचे काम क्वार्टरबॅकला वाचवणे आणि धावणाऱ्याला वाट करून देणे एवढेच असते. विकेटकीपरप्रमाणे यांचेही नाव बहुधा चूक झाल्यावरच ऐकू येते. गेल्या वर्षी या फळीवर जे प्रसंग आले, ते पाहता तिने अजिंक्यपद मिळवून दिले याचे मला अजूनही नवल वाटते. ऑक्टोबरात ओरेगनविरुद्ध डावा टॅकल जॉश सिमन्स गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. त्याच्या जागी आलेला झेन मिखाल्स्कीही नेब्रास्काविरुद्ध जायबंदी झाला. तेव्हा मूळचा गार्ड असलेल्या डोनोव्हन जॅक्सनला पेन स्टेटच्या सामन्यापासून टॅकलच्या जागी उभे करण्यात आले, आणि पुढे सेंटर सेथ मॅकलॉक्लिनही टाचेच्या वरचा स्नायुबंध तुटल्याने बाद झाल्यावर कार्सन हिन्झमनने ती जागा घेतली. जॅक्सनने ते अनोळखी काम इतके चोख केले की मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला पहिल्या फेरीत २४व्या क्रमांकावर निवडले. सिमन्स जखमी असूनही त्याच फेरीत ३२व्या क्रमांकावर कॅन्सस सिटीकडे गेला.

यंदा ते दोघेही नाहीत आणि उजवा टॅकल जॉश फ्रायरही नाही. मधल्या तीन जागांची मला फारशी काळजी वाटत नाही. हिन्झमन, ल्यूक मॉन्टगोमेरी आणि टेग्रा त्शाबोला हे तिघेही मोठ्या सामन्यांत तावूनसुलाखून निघाले आहेत. खरी चिंता दोन्ही कडांची आहे. त्यासाठी राइस विद्यापीठातून ईथन ओनियान्वा आणि मिनेसोटाहून फिलिप डॅनियल्स यांना बदलीने आणले आहे, तर गेल्या वर्षी गार्ड म्हणून खेळलेला ऑस्टिन सिएरव्हेल्डही टॅकलच्या जागेसाठी तयार होत आहे. राइसच्या सामन्यांत समोर येणारे बचावपटू आणि आपल्या बिग टेन या विद्यापीठगटातले बचावपटू यांच्यात अंगबळाचा आणि चपळाईचा मोठा फरक असतो, त्यामुळे ओनियान्वाचा तिथला अनुभव इथे जसाच्या तसा मोजता येणार नाही. ज्या विद्यापीठाकडे देशभरातली निवडक मुले ओढा घेऊन येतात, त्याला टॅकल मात्र वर्षानुवर्षे बाहेरून का आणावे लागतात, हा प्रश्न मुख्य प्रशिक्षक रायन डे यांना विचारायलाच हवा. खुद्द सिमन्सही सॅन डिएगो स्टेटहून आलेला होता. शिवाय या फळीचे प्रशिक्षकही बदलले आहेत. जस्टिन फ्राय ॲरिझोनाच्या व्यावसायिक संघाकडे गेले आणि व्हर्जिनिया टेकहून टायलर बोवेन आले. पाच जणांना एका लयीत हलायला शिकवणे हे काम महिन्याभरात उरकणारे नसते, म्हणून या फळीला मी आज फक्त मध्यम म्हणेन.

बचावाच्या फळीचे गणित वेगळे आहे. गेल्या वर्षीचे चारही मुख्य खेळाडू, म्हणजे जेटी तुईमोलोआऊ, जॅक सॉयर, टायलीक विल्यम्स आणि टाय हॅमिल्टन, ड्राफ्टमध्ये निवडले गेले. एका फळीतले चौघेच्या चौघे एकाच वेळी जाणे ही साधी गळती नव्हे. प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी १२.९ गुणांवर रोखून हा बचाव देशात पहिला आला आणि विरोधी क्वार्टरबॅकला त्याने ५३ वेळा चेंडूसकट लोळवले (यालाच सॅक म्हणतात), त्याचे मूळ या चौघांत होते. टेक्सासविरुद्ध सामना हातचा जाण्याची वेळ आली असताना, आपल्या गोलरेषेपासून एका यार्डावर आलेले संकट परतवून, सॉयरने टेक्सासचा क्वार्टरबॅक क्विन एव्हर्स याच्या हातातून चेंडू उडवला आणि तोच उचलून ८३ यार्ड धावत गेला, हे सर्वांनाच आठवत असेल. (हे दोघे एकेकाळी कोलंबसमध्ये एकाच खोलीत राहत होते, हा त्या प्रसंगातला वेगळाच मसाला.)

तरीही आक्रमणाच्या फळीइतकी धास्ती मला इथे वाटत नाही, आणि त्याचे कारण लॅरी जॉन्सन हे आहे. २०१४ पासून ते या फळीला शिकवत आहेत आणि दुसऱ्या रांगेतल्या मुलांनाही नियमाने मैदानात उतरवण्याची त्यांची पद्धत आहे. त्यामुळे केडन करी आणि केन्याटा जॅक्सन हे कडेचे खेळाडू मुख्य म्हणून नवे असले तरी त्यांच्या अंगावर मोठ्या सामन्यांची धूळ बसलेली आहे. करीसारखा मुलगा आपली पाळी येईपर्यंत इतकी वर्षे एकाच विद्यापीठात थांबतो, ही गोष्ट आजच्या बदलीच्या जमान्यात दुर्मीळ झाली आहे. मधे केडन मॅकडोनाल्ड धावत्या आक्रमणाला अडवण्यात तरबेज आहे आणि एड्रिक ह्यूस्टनकडून मला पुष्कळ अपेक्षा आहेत. नॉर्थ कॅरोलायनाहून आलेला बो ॲटकिन्सन कडेला हातभार लावेल. यांतला कोणी तुईमोलोआऊप्रमाणे एका हंगामात १२.५ सॅक करेल असे मात्र मी म्हणणार नाही. पहिले चौघे बऱ्यापैकी आहेत, पण त्यांच्या मागे कोण, हे नोव्हेंबरातच समजेल.

क्वार्टरबॅकविषयी थोडक्यात लिहितो, कारण जितके बोलले जाते तितके आज ठाऊक असणे शक्यच नाही. सायन मूळचा कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडचा. तो आधी अलाबामाला गेला होता आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथले प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाल्यावर इकडे आला. गेल्या अख्ख्या हंगामात त्याने जेमतेम डझनभर पास फेकले. त्याची फेक अचूक आणि झटपट सुटणारी आहे, हे सरावात पाहणारे सगळेच सांगतात, आणि लिंकन किनहोल्झला मागे टाकून त्याने ही जागा मिळवली आहे. पण गेल्या वर्षीचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमध्ये अनेक हंगाम खेळून आला होता. ४,०१० यार्डांचे पास देणाऱ्या त्या हॉवर्डचा शांतपणा अनुभवातून आलेला होता, आणि तो सायनकडे पहिल्याच दिवशी असावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याच्या देहयष्टीकडे पाहिले तरी पुन्हा तोच मुद्दा समोर येतो, की कडेच्या टॅकलनी त्याला फार मार खाऊ देता कामा नये.

धावपटूंच्या बाबतीत आपण उघड उघड खाली आलो आहोत. क्विन्शॉन जडकिन्स आणि ट्रेव्हियन हेंडरसन या दोघांनीही गेल्या वर्षी हजार यार्ड ओलांडले होते आणि दोघेही ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत गेले. पेन स्टेटविरुद्ध शेवटची पाच मिनिटे नुसती धाव घेत घड्याळ संपवण्याची किमया अशा खेळाडूंमुळेच साधली. आता जेम्स पीपल्स आणि वेस्ट व्हर्जिनियाहून आलेला सीजे डोनाल्डसन यांच्यावर भार आहे. डोनाल्डसन दणकट आहे, दोन-तीन यार्ड हवे असतील तेव्हा उपयोगी पडेल, पण एका झेपेत सामना फिरवणारा हेंडरसन त्याच्यात दिसत नाही. क्लीव्हलंडचा एक नवखा मुलगा आहे, त्याचे नाव बो जॅक्सन. एका जुन्या दिग्गज धावपटूचे हेच नाव घेऊन फुटबॉल खेळायला उतरण्याचे धाडस केल्याबद्दलच त्याचे कौतुक करावेसे वाटते. ऑक्टोबरपर्यंत त्याला अधिक संधी मिळाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

झेल घेणाऱ्यांविषयी वाद घालण्यासारखे काहीच नाही. पहिल्याच वर्षी ७६ झेल, १,३१५ यार्ड आणि १५ टचडाउन करणारा स्मिथ देशातला सर्वोत्तम रिसीव्हर आहे. दुसऱ्या बाजूचा कार्नेल टेट इतर कोणत्याही संघात पहिल्या क्रमांकाचा ठरला असता. एमेका एगबुकाची मधली जागा ब्रँडन इनिसला घ्यायची आहे. माझ्या मते यंदाची सर्वांत दुर्लक्षित भर म्हणजे परड्यूहून आलेला टाइट एंड, म्हणजे फळीच्या कडेला उभा राहून अडवणारा आणि झेलही घेणारा, मॅक्स क्लेअर. ओहायो स्टेट टाइट एंडकडून झेल घेण्याचे काम फारसे करून घेत नाही, अशी जुनी तक्रार आहे. नवख्या क्वार्टरबॅकला जवळचा, भरवशाचा हात हवा असतो, म्हणून आक्रमणाची सूत्रे आता ज्यांच्याकडे आहेत त्या ब्रायन हार्टलाइन यांनी ही तक्रार यंदा तरी दूर करावी.

बचावाच्या मागच्या भागाकडे आल्यावर मात्र मन निर्धास्त होते. केलेब डाउन्स हा सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा बचावपटू, माझ्या दृष्टीने संपूर्ण संघातला सर्वांत मौल्यवान खेळाडू आहे, अगदी स्मिथहूनही. स्मिथला दोघा-तिघांचा पहारा लावून निष्प्रभ करता येते, हे टेक्सासने दाखवले. डाउन्सला प्रत्यक्ष खेळाबाहेर ठेवण्याचा उपाय प्रतिस्पर्ध्याकडे नसतो, कारण चेंडू कुठे जाणार याचा अंदाज घेऊन तो स्वतःच तिथे पोहोचतो. त्याच्या पुढे, बचावाच्या फळीच्या लगेच मागे, लाइनबॅकरच्या जागी सनी स्टाइल्स आहे. तो मूळचा सेफ्टी. गेल्या वर्षी त्याला या जागी आणले, सुरुवातीला तो चाचपडला आणि हंगामाच्या शेवटी चेंडू नेणाऱ्यांना १०० वेळा पाडून बसला. त्याच्या जोडीला अर्व्हेल रीस असेल. रीसचे नाव अजून फार जणांच्या तोंडी नाही, पण त्याची ताकद आणि वेग पाहता ही जोडी देशातल्या पहिल्या दोन-तीन जोड्यांत गणली जाईल, असे मी आजच लिहून ठेवतो. कडेच्या झेल घेणाऱ्यांना अडवणाऱ्या कॉर्नरच्या जागी डेव्हिसन इग्बिनोसन अनुभवी आहे, फक्त त्याने हाताने ओढाओढ करून दंड ओढवून घेणे कमी करावे. जर्मेन मॅथ्यूजही तयार आहे.

या सगळ्यांना एकत्र बांधायचे काम मॅट पॅट्रिशिया यांच्याकडे आले आहे. न्यू इंग्लंडच्या बचावाचे सूत्रधार म्हणून त्यांची कीर्ती मोठी, पण डेट्रॉइटचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची कारकीर्द फसली, हेही खरे. विद्यापीठातल्या विशीच्या मुलांना आठवड्याला वीस तासांच्या मर्यादेत शिकवणे आणि व्यावसायिकांना दिवसभर शिकवणे यांत अंतर आहे. डाउन्स आणि स्टाइल्स यांच्यासारखे जाणते खेळाडू हाताशी असल्याने ते अंतर बरेच कमी होईल, असा माझा कयास आहे.

किकर जेडन फील्डिंगबद्दल मी थोडा साशंक आहे. मिशिगनविरुद्ध त्याचे तीन-तीन गुणांचे दोन गोल हुकले आणि आपण तीनच गुणांनी हरलो. पुढे अंतिम सामन्यात त्याने शेवटचा गोल साधून विजय निश्चित केला, हेही त्याच्या खात्यावर जमा आहे. गेल्या वर्षी आक्रमण पुरेसे गुण काढत असल्याने असे हुकलेले गोल बहुतेक वेळा झाकले गेले, यंदा तेवढी चैन परवडेलच असे नाही.

टेक्सासला एपी या वृत्तसंस्थेच्या हंगामापूर्वीच्या क्रमवारीत पहिले स्थान मिळाले आहे, आपण तिसरे आहोत आणि चर्चा सगळी त्यांचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग याची आहे. पण टेक्सासच्याही आक्रमणाच्या फळीतले बहुतेक मुख्य खेळाडू गेले आहेत, त्यांत नवव्या क्रमांकावर निवडला गेलेला केल्विन बँक्सही आला. म्हणजे दोन्ही संघांची दुबळी बाजू एकच आहे, आणि दोन्हीकडचा बचाव ती दुबळी बाजू हेरणारा आहे. आपल्या कडेच्या टॅकलसमोर टेक्सासचा कॉलिन सिमन्स असेल, ज्याने पहिल्याच वर्षी नऊ सॅक केले. त्यामुळे गुणांची लयलूट होईल असे मला वाटत नाही. सायनला सुरुवातीला छोटे, झटपट सुटणारे पास द्यावेत, क्लेअरला वरचेवर वापरावे, डोनाल्डसनकडून थोडे थोडे यार्ड घ्यावेत आणि उरलेला भार डाउन्सच्या बचावावर टाकावा, एवढे पथ्य पाळले तर घरच्या मैदानावर एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर हा सामना आपण थोड्या फरकाने जिंकू. यापेक्षा कठीण दिवस १ नोव्हेंबरचा आहे. त्या दिवशी पेन स्टेट कोलंबसला येईल, आणि त्यांच्या बाजूला उभे असलेले जिम नोल्स आपल्या या पोरांच्या सगळ्या खोडी जाणून असतील. तोपर्यंत दोन्ही टॅकल ठरलेले आणि रुळलेले नसतील, तर तो सामना मी पेन स्टेटच्या पारड्यात टाकेन.