वर्कशॉपशिवाय कसलं इंजिनिअरिंग?
"वर्कशॉपची बिल्डिंग आता जागा अडवते, सगळं सॉफ्टवेअरवर शिकता येतं" हे इंजिनिअरिंग कॉलेजातली वर्कशॉप पाडायचा विचार मांडणाऱ्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आमचं कॉलेज ठाणे-बेलापूर रोडच्या बाजूचं, फर्स्ट इयरला सगळ्या ब्रँचेसची पोरंपोरी खऱ्या अर्थाने एकत्र यायची ती वर्कशॉपमध्येच, कॉम्प्युटरवाला असो नाहीतर सिव्हिलवाली, खाकी कोट चढवून व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) माइल्ड स्टीलची पट्टी आवळायची आणि कानस (लोखंड घासायची फाइल) मारत बसायचं. कानस पुढे ढकलतानाच कापते, मागे आणताना दाब सोडायचा, हे हाताला कळल्याशिवाय जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, काटकोनात येत नाही, ट्रायस्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडासमोर धरला की फट लगेच दिसते. हे स्क्रीनवर कसं शिकवणार सांगा?

आणि इन्स्ट्रक्टर लोकांबद्दल लेखात एक ओळही नाही याचं जास्त वाईट वाटलं. आमचे सर आधी रबाळे एमआयडीसीत टर्नर, म्हणजे लेथवर (धातू फिरवून कापायच्या मशीनवर) काम करणारे होते, लेथचा नुसता आवाज ऐकून टूल बोथट झालंय हे लांबूनच सांगायचे. आमच्यातली कितीतरी पोरं पुढे त्याच पट्ट्यात कामाला लागली आणि मशीनसमोर बुजली नाहीत ती त्यांच्यामुळेच. पाडायचा विचार करणाऱ्यांनी आधी या माणसांशी बोलावं.