‘एकही डबा नेला नाही, वर पैसे घेतले’ या एक स्टारच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

‘तुमचा माणूस लोणावळ्याला आला, स्विमिंग पूलच्या केमिकलचे जुने डबे बघितले, एकही नेला नाही, 600 रुपये घेतले आणि आमच्या माळीदादांवर ओरडून गेला’ असं तुम्ही लिहिलंय. यातलं काहीच खोटं नाही. 600 रुपये आजच परत पाठवतोय. डब्यांचं काय करायचं ते त्याच दिवशी फोन करून मी सांगायला हवं होतं. ते राहिलं, ती चूक माझी, त्या पोराची नाही.

ओरडण्याबाबत मात्र मी त्याची बाजू घेणार. माळीदादा जागा वाचावी म्हणून उरलेल्या गोळ्या पावडरच्या ड्रममध्ये ओतायला निघाले होते. दोन्हीला आपण ‘क्लोरीन’च म्हणतो, घोळ तिथेच होतो. पावडर म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट, 65 टक्केवाली. गोळ्या टीसीसीएच्या, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिडच्या, 90 टक्केवाल्या. ही दोन एकत्र आली आणि त्यात ओलावा शिरला, की विषारी वायू तर सुटतोच, शिवाय नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊन स्फोट होऊ शकतो. आणि लोणावळ्यात ओलावा काही वेगळा आणावा लागत नाही. अशा वेळी ‘अहो, जरा थांबता का’ म्हणायला सुचत नाही हो.

पावडरचा ड्रम कोरडा आहे, तो टाकायचा कशाला? तुमचा पूल साधारण 60,000 लिटरचा. लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीन वाढवायला ही पावडर 90 ग्रॅमच्या आसपास लागते, म्हणजे उरलेली 8 किलो सहज संपेल. बादलीत आधी पाणी, मग पावडर. उलटं कधीच नाही. संध्याकाळी, पंप चालू ठेवून घाला. जुन्या मालाची ताकद उतरलेली असते, म्हणून दर वेळी किटने तपासायचं आणि क्लोरीनचा आकडा 1 ते 3 मध्ये आल्याशिवाय कुणी पोहायला उतरायचं नाही. गोळ्या फ्लोटरमधून, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्यांच्या डबीतून संपवा, पण त्या फ्लोटरमध्ये पावडरचा कणही जाऊ देऊ नका. दोन्हींची मापं वेगळी ठेवा.

पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढलेल्या लिक्विड हायपोत (पातळ क्लोरीनमध्ये) आता फारसा दम नसेल. तेही थोडं थोडं पूलमध्येच घाला. बाथरूममध्ये ओतलंत तर सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतील. शेजारी ठेवलेला ॲसिडचा कॅन मात्र आजच दुसरीकडे हलवा.

राहिला तो झाकण फुगलेला पावडरचा डबा. तो आम्ही खरंच नेणार नाही. बंद गाडीत घालून एक्सप्रेसवेवरून आणायची ती वस्तू नाही. घंटागाडीत तर मुळीच देऊ नका. कचऱ्यातल्या तेलकट कागदाला नि पाल्याला ती पावडर पेटवू शकते. घातक कचऱ्याचा परवाना असलेल्यांनीच तो उचलायला हवा, पुणे जिल्ह्यात रांजणगावला तशी सुविधा आहे. चौकशी मी करतो. खर्च वेगळा येईल, हे या वेळी आधीच सांगतोय. तोवर झाकण उघडू नका, डबा हलवू नका. धूर दिसला किंवा उग्र वास आला तर बादल्या घेऊन धावू नका, सगळ्यांना लांब न्या आणि 101 लावा.

शनिवारी सकाळी मी स्वतः येतोय, विकायला काहीही न आणता. माळीदादांना थांबायला सांगा, त्यांची माफी मागायचीय.