‘आधी नर्स, मगच मिडवाइफ’: लेबर रूममधून एक प्रतिवाद

आमच्या जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) बॅचच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक मेसेज चार वेळा आला. चौघींनी चार ठिकाणांहून उचललेला, मजकूर तोच. विषय मिडवाइफचा, म्हणजे बाळंतपणासाठीच शिकलेल्या प्रसाविकेचा. थोडक्यात असा: ‘परदेशात आता बारावी झालेल्या मुलींना नर्सिंग न शिकवताच तीन वर्षांत मिडवाइफ बनवतात. खरी परंपरा आधी नर्स, मग मिडवाइफ अशीच होती. माणसं मिळेनात म्हणून ही पळवाट काढली. या मुलींना शरीराचं ज्ञान नसतं, इमर्जन्सी आली की हात थरथर कापतात. हे खूळ आपल्याकडे आलं तर बाळंतपण पुन्हा दाईच्या हाती जाईल. भगिनींनो, जाग्या व्हा.’ खाली जोडलेले हात आणि लाल उद्गारचिन्हं.

मी नर्स आहे. बावीस वर्षांच्या नोकरीतली तेरा वर्षं लेबर रूममध्ये गेली. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने माझीच बाजू घेतली आहे. तरीही त्यातलं जवळजवळ सगळं चूक आहे. एक मुद्दा मात्र खरा आहे, पण तो मेसेजवाल्याने नीट मांडलाच नाही, म्हणून तोही मलाच मांडावा लागेल.

आधी परंपरा. इंग्लंडात मिडवाइफची सरकारी नोंदणी सुरू झाली ती १९०२ च्या कायद्याने. नर्सच्या नोंदणीचा कायदा झाला १९१९ मध्ये. मधली सतरा वर्षं तिथे नोंदणीकृत मिडवाइफ होती आणि नोंदणीकृत नर्स ही चीजच नव्हती. मग ‘आधी नर्स’ कुठून आणणार? बाळंतपणं घरातून हॉस्पिटलात गेली तसतशी नर्सिंग करून मग मिडवाइफ होण्याची वाट रुळली, थेट वाट जवळजवळ बंद पडली आणि १९९० च्या आसपास पुन्हा उघडली. नवं खूळ म्हणतात ते खरं तर जुनं दार आहे.

नेदरलँड्समध्ये तर ते दार बंदच झालं नाही. ॲमस्टरडॅमची मिडवाइफ शाळा १८६१ सालची. आज तिथे चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, आणि त्यासाठी नर्स असण्याची अट नाही. फ्रान्समध्ये मिडवाइफची गणना कायद्याने डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्या रांगेत होते, नर्सच्या नाही. शिक्षण किमान पाच वर्षांचं. जर्मनीने २०२० पासून हे शिक्षण विद्यापीठात नेलं. न्यूझीलंडमध्ये १९९० साली, हेलन क्लार्क आरोग्यमंत्री असताना, कायदा बदलला आणि मिडवाइफला डॉक्टरच्या देखरेखीशिवाय बाळंतपणाची पूर्ण जबाबदारी घेता येऊ लागली. दोन वर्षांत थेट पदवी सुरू झाली. जगात मिडवाइफ कमी आहेत हे खरंच आहे, २०२१ च्या जागतिक अहवालात ही तूट ९ लाखांची सांगितली होती. पण टंचाईवर पळवाट म्हणून कुणी पाच वर्षांचा कोर्स काढत नाही. टंचाईवरची पळवाट कशी असते ते आम्ही इथे पाहिलंय, सहा दिवसांचं प्रशिक्षण आणि चहा-बिस्किटं.

आता ‘शरीराचं ज्ञान नसतं’ हा मुद्दा. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच, कारण इथे भावना बाजूला ठेवून आकडे मांडता येतात.

युरोपीय संघाचा एक कायदा आहे: कुठलं शिक्षण पूर्ण केलं की मिडवाइफ म्हणून संघातल्या कुठल्याही देशात काम करता येईल, हे तो ठरवतो. थेट येणारीला किमान तीन वर्षं आणि ४,६०० तास. आधीच नर्स असलेलीला किमान ३,००० तास. वजाबाकी करा. तीन वर्षांच्या नर्सिंगच्या शिक्षणाची सूट किती मिळाली? १,६०० तासांची. उरलेले तीन हजार तास नर्सलाही पहिल्यापासून शिकावे लागतात. शरीरशास्त्र, औषधं, जंतुसंसर्ग, सलाइन, कॅथेटर, नोंदी ठेवणं हे त्या १,६०० तासांत बसतं आणि थेट येणारी मुलगी ते तिच्या कोर्समध्ये शिकते. ती काय शिकत नाही? हाडांच्या वॉर्डातलं ट्रॅक्शन, मोतीबिंदूच्या पेशंटची तयारी, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचं बघणं. हे सगळं मी शिकले. उपयोगी आहे. पण बाळाचं डोकं कुठे टेकलंय हे पोटावर हात ठेवून ओळखायला त्यातलं काहीही कामी आलं नाही.

त्याच कायद्यात तासांपेक्षा मोलाची एक यादी आहे, दोन्ही वाटांनी येणाऱ्यांना सारखीच. गर्भवतींच्या १०० तपासण्या. स्वतःच्या हाताने ४० बाळंतपणं. तेवढ्या बाया मिळाल्याच नाहीत तर किमान ३०, पण मग आणखी २० मध्ये मदतनीस म्हणून उभं राहायचं. ४० जोखमीच्या बायांची काळजी. १०० बाळंतिणी आणि त्यांची बाळं. ब्रिटन संघातून बाहेर पडलं, तरी ४० चा आकडा तिथे राहिला. नर्स आहेस म्हणून चाळीसातलं एकही बाळंतपण माफ नाही. माझ्या जीएनएमच्या केसबुकात, म्हणजे नोंदवहीत, २० बाळंतपणांचे रकाने होते आणि त्याच्या बळावर माझ्या नोंदणीत ‘नर्स’च्या जोडीला ‘मिडवाइफ’ हा शब्द आला. आता बारावीवाली अर्धवट शिकलेली कोण, ते मेसेजवाल्यानेच सांगावं.

मेसेजसोबत एक फोटोही फिरतोय, अमेरिकेतल्या घरातल्या बाळंतपणाचा. अमेरिकेत तीन वेगळ्या प्रकारच्या मिडवाइफ आहेत. नर्स-मिडवाइफ, नर्स नसलेली, पण तीच पदव्युत्तर पातळी गाठून तीच परीक्षा देणारी, आणि तिसरी, बरेचदा दुसऱ्या मिडवाइफच्या हाताखाली शिकून मुख्यतः घरी बाळंतपण करणारी, जिला कुठल्या राज्यात परवाना आहे, कुठे नाही. तिसरीवर टीका करायला जागा आहे, जरूर करा. पण ती टीका न्यूझीलंडच्या किंवा नेदरलँड्सच्या पदवीधर मिडवाइफच्या माथी मारू नका.

‘इमर्जन्सी आली की हात थरथर कापतात.’ कापतात ना. माझे कापलेत.

नोकरीची पहिली अडीच वर्षं मी मेल सर्जिकलला होते. ड्रेसिंग, हर्निया, ॲपेंडिक्स. मग ड्युटी लिस्ट लागली आणि लेबर रूम मिळाली. चौथी रात्र. डोकं बाहेर आलं आणि कासवाने मान आत घ्यावी तसं मागे ओढलं गेलं. खांदा अडकला होता. धडा आठवत होता, त्या धड्यातली आकृती आठवत होती, हात काही आठवत नव्हते. पेशंटला घेऊन आलेल्या उपकेंद्राच्या एएनएम (सहाय्यक परिचारिका प्रसाविका) बाई अजून दारातच होत्या. त्या आत आल्या, मला कोपराने सरकवलं, आयाला आणि मावशीला सांगून बाईचे दोन्ही गुडघे पोटाकडे गच्च दुमडले आणि माझा तळवा धरून जघनाच्या हाडाच्या वर ठेवला. ‘इथं दाब. वरनं पोट दाबशील तर बघ!’ खांदा सुटला. बाळ निळं होतं, मग रडलं. डॉक्टर जिना चढून आले तेव्हा बाई नाळ बांधत होत्या.

त्या बाईंची नोंदणी नर्स म्हणून नव्हती, माझी होती.

बाळंतपणातली आणीबाणी मिनिटांची असते. वार (प्लासेंटा) पडल्यावर गर्भपिशवी हाताला चेंडूसारखी लागते की भिजवलेल्या कणकेसारखी, हा फरक बोटांना कळावा लागतो. सैल लागली की चोळायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भपिशवी आवळणारं औषध, गेलंय ना बघायचं, वार पूर्ण आलीय का ते उलटसुलट करून पाहायचं, तरी रक्त थांबत नसेल तर दोन हातांमध्ये गर्भपिशवी दाबून धरायची आणि ओरडून माणसं बोलवायची. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात बॅग-मास्कने श्वास द्यायचा. हे सरावाने येतं. शंभर वेळा नॉर्मल पाहिलेल्या डोळ्यालाच एकशे एकावी वेगळी दिसते. आणि आमच्याकडे नेमकं उलट होतं: हात बसला की बदली. मी दोन वेळा लेबर रूममधून डोळ्यांच्या वॉर्डात गेलेय, आणि माझ्या जागी आलेली मुलगी तिथूनच आली होती.

दाईची भीती. हा मुद्दा मला जरा लागतो, कारण ‘दाई’ हा शब्द ज्या तुच्छतेने लिहिलाय त्यात वैद्यकशास्त्र कमी आणि विटाळ जास्त आहे. कित्येक गावांत बाळंतपण करणारी बाई ठरावीक जातींतलीच असायची, कारण रक्त आणि वार हाताळणं इतरांना नको होतं. तिला शिकवलं कुणी नाही आणि दोष मात्र तिच्या माथी. असो. मुद्दा एवढाच की दाई शिकलेली नव्हती आणि थेट मिडवाइफ शिकलेली असते. दोघी नर्स नाहीत म्हणून एकच, हे म्हणजे गवंडी आणि आर्किटेक्ट दोघेही वकील नाहीत म्हणून सारखेच असं झालं. शिवाय महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतच ९४.७ टक्के होती. दाई परत येईल कुठून? त्याच पाहणीत सिझरचं प्रमाण राज्यात २५.४ टक्के आणि शेजारच्या गोव्यात ३९.५ टक्के दिसतं. काळजी करायचीच तर तिकडे करा.

जास्त शिकलेले हात म्हणजे आपोआप सुरक्षित हात, हेही खरं नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात १८४६ साली प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. पहिल्यात त्या वर्षी ११ टक्क्यांहून जास्त बाळंतिणी मेल्या, दुसऱ्यात ३ टक्क्यांहून कमी. कारण तिथल्या सेमेलवाइस या डॉक्टरने शोधलं: विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत. मी हे उदाहरण फार ताणत नाही, कारण तिथे प्रश्न हात धुण्याचा होता. पण कोण कुठून येऊन बाईला हात लावतंय याने फरक पडतो, हे तेव्हाही दिसलं होतं.

मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा माहीत नाही की नर्सिंगची पदविका न घेता बाळंतपण करणारी बाई आपल्याकडे केव्हाची आहे. तीच ती दारातली एएनएम. दोन वर्षांचं शिक्षण, त्यात बाळंतपण हाच गाभा. मग १९७३ साली केंद्र सरकारच्या कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती करायला सांगितलं, १९७७ मध्ये कोर्स दीड वर्षावर आणला (पुढे तो पुन्हा दोन वर्षांचा झाला), आणि लसीकरण, कुटुंब नियोजनाचं टार्गेट, रजिस्टरं यांत तिच्या हातातलं बाळंतपण सुटत गेलं. तिचं जे काही चुकलं ते ती आधी नर्स नव्हती म्हणून चुकलं नाही. तिला कमी शिकवलं, एकटीला उपकेंद्रात टाकलं आणि भलतीच कामं दिली. थेट मिडवाइफ आणायची तर हीच चूक पुन्हा होऊ शकते. भीती घालायचीच होती तर ही घालायची होती.

आणि आता तो खरा मुद्दा. रात्री दोन वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात एकच सिस्टर असते. तिच्याकडे कळा देणारी बाई येते, साप चावलेला माणूस येतो आणि दम्याचं पोरही येतं. तिथे फक्त बाळंतपण जाणणारी बाई बसवणं मला जमणार नाही, परवडणारही नाही. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेली गर्भवती असते, कुठे हृदयाच्या झडपेचा आजार, कुठे साखर. अशा बाईच्या शेजारी नर्सिंग केलेला माणूस असला तर मला बरं वाटतं. स्वीडनने म्हणूनच की काय, नर्सिंगनंतर दीड वर्ष हीच वाट ठेवलीय आणि तिथल्या बाया सुखरूप बाळंत होतात. नेदरलँड्समध्येही होतात. दोन्ही देशांत लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यू एक आकडी आहेत. म्हणजे वाट कुठली यावर जीव अवलंबून नाही. वाटेवर किती बाळंतपणं हातून झाली, नंतर त्याच कामावर ठेवलं का, अडलं तर वर पाठवायची सोय आहे का, यावर आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच: जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत, जिथे रात्रंदिवस टेबलं भरलेली असतात, तिथे थेट मिडवाइफ हव्यात. आरोग्य केंद्रांत आमच्यासारख्या दोन्ही जाणणाऱ्या.

आपल्या सरकारने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वीडनसारखी वाट धरली: आधी जीएनएम किंवा नर्सिंगची बीएस्सी, मग मिडवाइफरीचं अठरा महिन्यांचं प्रशिक्षण. चांगलं पाऊल आहे, मी कुणाला अडवणार नाही. माझ्या भाचीला मात्र बारावीनंतर हेच एक काम करायचंय. ती चार वर्षं बीएस्सी करणार, नोकरी धरणार, लिस्ट लागेल त्या वॉर्डात फिरणार आणि नशिबात असेल तर तिशीच्या आसपास तिच्या आवडीच्या कामाला हात लावणार.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा एका मैत्रिणीने विचारलं, ‘मग काय गं, आपली वीस काय खोटी होती?’ मी कपाटातून केसबुक काढलं. वीस रकाने, वीस सह्या. त्या वेळी इंटर्न डॉक्टरांनाही केसेस हव्या असायच्या, त्यामुळे आमचा नंबर लागायचा तेव्हा लागायचा. आठवून आठवून मोजलं. अकरा माझ्या हातावरची होती. बाकी नऊंच्या वेळी मी ट्रे धरून उभी होते.