आपल्या वाट्याला किती मंत्री, हे पुष्कळ मोजून झालं

केंद्रात खातेबदल होणार अशी कुजबुज सुरू झाली की नागपुरात लगेच हिशेब मांडला जातो. विदर्भाला किती, मराठवाड्याला किती, कोणत्या समाजाचा कोण. धरमपेठेत तेच, इतवारीत तेच. या मोजणीत चूक काही नाही. सत्तेत आपलं माणूस असावं असं वाटणं रास्तच आहे. पण या मोजणीत आपला कापूस कुठेच येत नाही, आणि त्याबद्दलच मला आज लिहायचं आहे.

जून २०२४ मध्ये पंतप्रधानांसह ७२ जणांनी शपथ घेतली. त्यात पंतप्रधानांखेरीज कॅबिनेट मंत्री ३०, स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री ५ आणि नुसते राज्यमंत्री ३६. म्हणजे निम्मे मंत्री असे, की ते बोलावल्याशिवाय कॅबिनेटच्या बैठकीला बसत नाहीत. विदर्भातून नितीन गडकरी कॅबिनेटमध्ये गेले आणि बुलढाण्याचे प्रतापराव जाधव स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री झाले. 'विदर्भाला दोन' असे मथळे वाचून आपण समाधान मानलं.

आता एका कापसाच्या बोंडाचा दिल्लीतला प्रवास बघा. बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत कृषी मंत्रालय ठरवतं. जनुकीय बदल केलेल्या वाणाला मंजुरी देणारी समिती पर्यावरण मंत्रालयाकडे. खत रसायने व खते मंत्रालयाकडे. हमीभावाची शिफारस करणारा आयोग पुन्हा कृषीकडे, पण त्या हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे आपली सीसीआय, वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे. बाहेरून येणाऱ्या कापसावरचं शुल्क अर्थ मंत्रालयाकडे. निर्यात वाणिज्यकडे. शेतकरी एक, पीक एक आणि दारं सहा. यातलं एकही दार फक्त त्याचं नाही.

सगळ्यात मोठी अडचण मला वस्त्रोद्योगाच्या दारात दिसते. त्या मंत्र्याचं काम काय? गिरण्या चालल्या पाहिजेत, सूत परवडलं पाहिजे, कपड्याची निर्यात वाढली पाहिजे. हे काम चांगलं करायचं तर त्याला कापूस स्वस्त हवा. यात त्याचा दोष नाही, गिरणीत राबणाऱ्या कामगाराचंही पोट आहे. पण शेतकऱ्याला पडत्या बाजारात सावरणारी संस्था त्याच मंत्र्याच्या हाताखाली ठेवली, तर ती कोणाकडे बघून काम करणार? केंद्रं कधी उघडायची, किती उघडायची, ओलावा ८ टक्क्यांवर गेला की किती कापायचं, १२ च्या पुढे गेला की गाडी परत पाठवायची, हे सगळं तिथून ठरतं. हिंगणघाटच्या किंवा वणीच्या बाजारात थंडीत गाडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

२०२५ चा ऑगस्ट आठवा. कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं, २०२१ च्या अर्थसंकल्पात लावलेलं. ते १९ ऑगस्टपासून माफ झालं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग लगेच मुदत वाढून डिसेंबरअखेरपर्यंत. आपल्याकडे दसरा-दिवाळीत वेचणी जोरात येते. बरोबर तेव्हाच बाहेरच्या गाठींना वाट मोकळी. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात ७,७१० रुपये जाहीर झाला होता. एक मंत्रालय भावाला टेकू देत होतं आणि दुसऱ्याच्या सहीने तो टेकू निघत होता. अमेरिकेच्या वाढीव शुल्काने कापड उद्योग अडचणीत होता, हे मला मान्य आहे. पण त्याचा भार कोणी उचलायचा हे ठरताना शेतकऱ्याची बाजू कोणी मांडली, काय मांडली, हे आजही आपल्याला कुठे वाचायला मिळत नाही.

संत्र्याचं थोडक्यात सांगतो. संशोधन संस्था अमरावती रोडवर, ती कृषी मंत्रालयाच्या छत्राखाली. प्रक्रिया उद्योगाचं मंत्रालय वेगळं. बांगलादेशाने शुल्क वाढवत नेलं, तर बोलायचं वाणिज्यने. काटोल-नरखेडच्या बागायतदाराने कोणाचा दरवाजा ठोठवायचा?

आणि एक. कापूस वेचणारे हात जवळजवळ सगळे बायांचे. त्या ७२ जणांत महिला ७, कॅबिनेट दर्जाच्या दोन. मोजायचंच असेल तर हेही मोजा.

एका खात्यात एक माणूस टिकला की काय होतं ते नागपूरकरांना कळतं. गडकरींकडे २०१४ पासून रस्ते आहेत आणि रस्ते दिसतात. त्याच २०१४ ते २०२४ मध्ये कृषीला चार मंत्री झाले: राधामोहन सिंह, नरेंद्रसिंह तोमर, अर्जुन मुंडा, शिवराजसिंह चौहान. वस्त्रोद्योगालाही चार. अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांनी १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षं केंद्रात शेती सांभाळली होती. विदर्भाचा माणूस दिल्लीत शेतीसाठी बसला होता, हे आपल्या पोरांना सांगायला हवं.

मंत्र्यांची संख्या वाढवा, असं माझं म्हणणं नाहीच. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे जास्तीत जास्त ८१, आणि ते योग्यच झालं. पण कोणतं काम कोणत्या खात्यात, याला घटनादुरुस्ती लागत नाही. १९६१ चे कामकाज वाटप नियम आहेत, ते पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपतींच्या आदेशाने बदलतात. २०१९ मध्ये जलशक्ती मंत्रालय असंच खाती जोडून झालं. २०२१ च्या जुलैत सहकार कृषीतून काढून वेगळं केलं. मनात आलं की होतं.

मग माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. सीसीआय वस्त्रोद्योगातून काढून कृषी मंत्रालयाकडे द्या. आणि कापसाच्या आयात शुल्कात बदल करण्याआधी कृषी मंत्र्यांचं लेखी मत घ्या आणि ते जाहीर करा. गिरण्यांना मदत हवी असेल तर ती सरकारने तिजोरीतून द्यावी, शेतकऱ्याच्या भावातून नको.

हे मी नागपूर, रामटेक, वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूरच्या खासदारांना पत्राने पाठवतो आहे. पक्ष न बघता पाचही जणांना, सारखाच मजकूर. जिनिंगवाले, अडते, सूतगिरणीत काम केलेले कोणी ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी खाली जरूर लिहावं, विशेषतः सीसीआय कृषीकडे गेल्यास गाठी विकण्यात काय अडचण येईल ते. पत्र पाठवण्याआधी ते मला त्यात घालायचं आहे.