खोलीतून समुद्र दिसलाच पाहिजे

सोलापूरच्या माणसाने अंदमानला जायचं ठरवलं की आधी एक पथ्य पाळावं. नकाशा उघडू नये. नकाशात हॅवलॉक एवढंसं दिसतं. (सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, पण एजंट, रिक्षावाला आणि तुमचे साडू हॅवलॉकच म्हणणार.) मग उगाच वाटायला लागतं, की एवढ्याशा बेटावर कुठेही राहिलं तरी काय बिघडतं? हा विचार मनात आला की संपलं. फॅमिली ग्रुपवर पंधरा दिवस जो वाद घालायचा, तो मग कशावर घालणार?

तर नकाशा मिटा आणि नावांची यादी घ्या. गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर. जुळे सोलापुरात प्लॉट बघायला निघाल्यासारखं वाटेल, पण ही गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने १९५०च्या दशकात इथे वसवलं, त्यांची. तुम्ही मात्र प्लॉटचेच प्रश्न विचारा. रोड टच आहे का? शेजार कसा आहे? मार्केट किती लांब? पाण्याचं तेवढं विचारू नका. चार दिवस सुट्टीला निघालात, तिथे तरी तो विषय नको.

आता मुख्य अट. खोलीतून समुद्र दिसला पाहिजे. का, ते विचारायचं नाही. कंबर तलावावर चक्कर मारायला आपण गेल्या पाच वर्षांत गेलो नसू, पण हॅवलॉकला पलंगावर पडल्या पडल्या पाणी दिसलं नाही तर पैसे वाया. सी फेसिंग, सी व्ह्यू, पार्शल सी व्ह्यू, गार्डन व्ह्यू अशी ही उतरंड असते. गार्डन व्ह्यू घेणाऱ्याची घरी परतल्यावर काय किंमत राहते, हे मी सांगायला नको. पार्शलमध्ये शेजाऱ्याने कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल बाजूला सारला, की समुद्र दिसतो. टॉवेल सारताना त्याची किनार उलटून बघायची, वजन हातावर तोलायचं, 'आपल्याकडचाच आहे' म्हणायचं. ही सवय कुठेही जा, सुटत नाही.

बेटावरची बरीचशी हॉटेलं पूर्व किनाऱ्यावर आहेत, बीच नंबर तीन ते पाचच्या पट्ट्यात. बाजार जवळ, सूर्योदय समोर, फोटोत पाणी निळंशार. फोटो भरतीचा असतो. ओहोटीला हाच समुद्र उठून लांब निघून जातो आणि मागे उरतात खडक, प्रवाळाचे तुकडे, शेवाळ आणि कुशीवर कलंडलेल्या नावा. कमरेपर्यंत पाणी हवं असेल, तर खडकांवरून पाय सांभाळत समुद्र शोधत जायचं. सहाएक तासांनी तो परत येतो. त्याच्या येण्याजाण्याचं वेळापत्रक कित्येक महिने आधी तयार असतं आणि तो ते पाळतो. चार-चार दिवसांआड येणाऱ्या नळासाठी पहाटे तीनला उठणारी माणसं आपण. वेळ पाळणारं पाणी असतं, यावर आपला विश्वास बसणं अवघडच. म्हणून बुकिंग करताना 'त्या तारखांना भरती किती वाजता?' हा प्रश्न कोणीही विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

पोहण्यासारखा किनारा राधानगरचा, बीच नंबर सात, बेटाच्या पश्चिमेला. २००४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम ठरवलं. तेव्हापासून प्रत्येक एजंट हे वाक्य काल छापून आल्यासारखं सांगतो. किनारा खरंच तसा आहे, त्याला माझा इलाज नाही. पण तिथे राहायच्या जागा मोजक्या, बऱ्याचशा महागड्या, आणि रात्री उठून 'जरा चौकात जाऊन येतो' म्हणावं असा चौकच नाही. पानटपरीवर कोणी ओळखीचं भेटणार नाही अशा ठिकाणी सोलापूरकराने रात्र काढायची कशी? त्यापेक्षा पूर्वेला सी फेसिंग खोली घ्या आणि पाण्यात उतरायला रोज रिक्षा करून बेटाच्या दुसऱ्या टोकाला जा. बघायचा समुद्र वेगळा, भिजायचा वेगळा.

जाताना घड्याळही विसरा. हे बेट सोलापूरच्या सतरा अंश पूर्वेला, आणि अंशाला चार मिनिटं या हिशेबाने सूर्य आपल्यापेक्षा तासाभराने आधी उगवतो नि मावळतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्यास्त. तुम्ही दुपारची झोप, चहा, 'आवरा की आता' हे सगळं उरकून साडेपाचला राधानगरला पोचा. आशियातला सर्वोत्तम अंधार बघायला मिळेल.

एसीचा वाद माझ्या मते कौटुंबिक बैठकीतच मिटवावा. आमच्याकडे तो काकूंनी मिटवला.

"एसी पायजेच," काकू म्हणाल्या.

"समुद्राचा वारा असतो की, काकू."

"माझ्यासाठी न्हाई रे. भाकरीसाठी."

काकूंचं चुकलं नव्हतं. सोबत कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीचे दोन डबे होते, आणि त्या दमट हवेत कडक भाकरी दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी वातड होते. म्हणून तीन दिवस भाकऱ्या गार खोलीत आणि आम्ही बाहेर घामाघूम. बंगाली मंडळींच्या हातची ताजी मासळी पन्नास पावलांवर मिळत होती. तिचा फोटो काढला.

तारखा अर्थातच मेमधल्या घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरातही तिथे पाऊस होतो, डिसेंबर ते एप्रिल हवा उत्तम. पण पोरांच्या शाळा, आणि जानेवारीत तर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. मेच्या उत्तरार्धात सोलापूर त्रेचाळीस अंशांवर भाजत असताना आपण पेपरात 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी दरवर्षी डोळे भरून वाचतो. आता लवकरच आपल्याकडे, म्हणून सुस्कारा सोडतो. त्याच आठवड्याचं आपलं हॅवलॉकचं बुकिंग खिशात असतं, पण त्या बातमीचा नि या बुकिंगचा काही संबंध असेल, अशी शंकाही कोणाला शिवत नाही. मग समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि ज्या खोलीतून समुद्र दिसतो म्हणून जास्तीचे पैसे मोजले, तिथून पाऊस दिसतो.

पूर्वी निदान कोणाचा फोन येण्याची भीती नव्हती. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राच्या तळातून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल आली, तिचा एक फाटा हॅवलॉकलाही गेला. त्यामुळे तिसऱ्या दिवशी पहाटे, तुम्ही त्या मोलाच्या गॅलरीत पहिला चहा घेऊन बसलेले असताना, शेजारच्या वहिनींचा आवाज अगदी भिंतीपलीकडून आल्यासारखा येईल.

"भाऊजी, पाणी आलंय. तुमची मोटर चालू करू का?"

तुम्ही कप खाली ठेवून ताडकन उभे राहाल. समोर नजर पोचेल तिथवर ओहोटी, खडक उघडे, नावा आडव्या.

"करा, करा! अन् टाकी भरली की मागच्या दारातला ड्रम पण भरा. किती वेळ आहे म्हणत होते?"