अनलिमिटेड सुशी ‘वसूल’ करण्याचे धडे: एका फॉरवर्डला उत्तर

सुशी आणि ग्रिल अनलिमिटेड देणाऱ्या जपानी रेस्टॉरंटांबद्दल एक लांबलचक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तिथला मासा फ्रोझन, म्हणजे शिळा. भात असतो तो पोट भरून तुम्हाला गंडवायला, तेव्हा वरचा मासा खा आणि भात बाजूला सारा. सूप आणि एडामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा) हा पहिला सापळा. वसाबी, म्हणजे सुशीसोबतची झणझणीत हिरवी चटणी, नकली. खरे जपानी लोक असं कधीच खात नाहीत. आणि तरीही गेलातच, तर ग्रिलचं महागडं मांस शेवटच्या मिनिटापर्यंत मागवत राहा, म्हणजे मालकाला हरवाल.

यातला वसाबीचा मुद्दा खरा आहे. भाताचा अर्धा खरा आहे. बाकीचं ऐकीव आहे, आणि शेवटचा सल्ला पाळला तर जेवणाचं मातेरं होतं.

‘फ्रोझन म्हणजे शिळा’

सगळ्यात घातक गैरसमज हाच. कच्च्या समुद्री माशात अनिसाकिस नावाचा बारीक जंत असू शकतो. तो जिवंत पोटात गेला तर जठराच्या अस्तरात शिरतो आणि काही तासांत जबर पोटदुखी सुरू होते. त्याला मारण्याचे खात्रीचे मार्ग दोनच: मासा शिजवा किंवा गोठवा. व्हिनेगर, सोया सॉस, वसाबी यांना तो दाद देत नाही. म्हणून युरोपीय संघाच्या नियमात कच्चा वाढायचा मासा उणे 20 अंशांवर किमान 24 तास किंवा उणे 35 अंशांवर किमान 15 तास ठेवायला सांगितलंय. अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेचं, म्हणजे एफडीएचं, मार्गदर्शन आणखी कडक आहे. उणे 20 ला ते सात दिवस मागतं. ट्यूनाच्या मोठ्या जाती किंवा तयार खाद्यावर वाढवलेले मासे अशा काही अपवादांना सूट मिळते. उलट जपानमध्येच अलीकडे अन्नविषबाधेच्या नोंदलेल्या घटनांमध्ये अनिसाकिस अगदी वरच्या क्रमांकावर असतो, आणि तो येतो तो न गोठवलेल्या, ‘एकदम ताज्या’ म्हणून मिरवणाऱ्या माशातून.

राहिला प्रश्न चवीचा. दूरच्या समुद्रात महिनोन्‌महिने राहणाऱ्या जहाजांवर ट्यूना हाती लागला की लगेच साफ करून सुमारे उणे 60 अंशांना गोठवतात. टोकियोच्या तोयोसु मासळी बाजारात या टणक ट्यूनांचा वेगळा लिलाव होतो, आणि खरेदीदार शेपटीकडचा काप निरखून बोली लावतात. तिथून तो नावाजलेल्या सुशी काउंटरांवरही जातो. तेव्हा माशाने फ्रीझर पाहिलाय का, हे विचारण्यात काही अर्थ नाही. फरक पडतो तो वितळवण्यात. घाईने वितळवलेला मासा पाणी सोडतो, लिबलिबीत होतो. कापून फार वेळ ठेवलेला कडांना सुकतो आणि काळपट पडतो. हे ताटात दिसतं. पहिल्याच फेरीत असा मासा आला तर शिजवलेल्या पदार्थांकडे वळा. त्यासाठी फॉरवर्डची गरज नाही.

‘भात म्हणजे पोट भरायची युक्ती’

भात स्वस्त आहे आणि मासा महाग, हे खरंच. काही ठिकाणी रोलमध्ये भाताचा जाड थर आणि मधे माशाची काडी असते, तेही खरं. पण यावरून ‘भात फेकून द्या’ हा निष्कर्ष काढायचा म्हणजे सुशीच फेकून देण्यासारखं आहे. सुशीत आचाऱ्याचं कसब जितकं माशात असतं तितकंच भातात असतं: व्हिनेगर, साखर आणि मीठ यांचं प्रमाण, भात कोमट ठेवणं, आणि उचलला तर सुटू नये पण तोंडात गेला की मोकळा व्हावा इतपतच दाबणं. हा आंबट भात शास्त्राच्या दृष्टीनेही हुशारीचा आहे. साधा शिजलेला भात खोलीच्या तापमानाला राहिला तर त्यात बॅसिलस सेरिअस नावाचे जीवाणू वाढू शकतात. व्हिनेगरने भाताचा पीएच (आंबटपणाचं माप; जितका कमी तितका आंबट) 4.6 च्या खाली उतरवला की त्यांची वाढ रोखली जाते. म्हणून सुशीचा भात फ्रिजबाहेर ठेवता येतो, आणि ठेवावाच, कारण फ्रिजमध्ये तो खडखडीत होतो.

भात टाकून देण्याची परंपरा जपानात होती हे मात्र संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं, नाहीतर त्याने ती नक्की वापरली असती. बिवा सरोवराकाठच्या फुनाझुशीत खारवलेला मासा भातात पुरून महिनोन्‌महिने आंबवतात. लगदा झालेला तो भात बहुतेक वेळा निपटून टाकतात आणि मासा खातात. पण तिथे भाताचं काम मासा टिकवण्याचं होतं. 1820 च्या दशकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेईने ताज्या भातावर मासा ठेवून हातोहात विकायला सुरुवात केली असं मानतात, आणि तेव्हापासूनची ही निगिरी, म्हणजे भाताच्या गोळ्यावर माशाचा काप, भातासकटच खायची असते. ते गोळे आजच्यापेक्षा बरेच मोठे होते, हे जाता जाता.

आता व्यवहार. न खाल्लेल्या पदार्थांचे वेगळे पैसे लावण्याचा नियम अशा बहुतेक ठिकाणी मेनूवरच छापलेला असतो, आणि मासा काढून मागे ठेवलेला भात त्यात धरला जातो. 2011 मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ सिटी भागात यावरून प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. मधुमेह असलेल्या एका गिऱ्हाइकाने अनलिमिटेड सुशीतला मासा तेवढा खाल्ला, मालकाने भातही खाल्ला पाहिजे असं सांगितलं, आणि गिऱ्हाइकाने दावा ठोकला. ज्याला भात चालत नाही त्याची अडचण खरी असते. त्याने साशिमी, म्हणजे भाताशिवायचे कच्च्या माशाचे काप, अनलिमिटेडमध्ये येते का, हे बसण्याआधी विचारून घ्यावं. बाकीच्यांना सोपा उपाय आहे: रोल कमी, निगिरी जास्त, आणि ‘भात कमी घाला’ अशी विनंती. जपानमध्ये सुशीच्या काउंटरवर असं सांगण्यात कुणाला वावगं वाटत नाही.

सूप, एडामामे, वसाबी

मिसो सूपची वाटी लहान असते. एडामामे म्हणजे मिठात उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, बिअरसोबत चघळायच्या. नको तर मागवू नका, विषय संपला.

वसाबीबद्दल संदेशाचं म्हणणं मान्य. हिरवा गोळा बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग यांचा असतो. पण हे अनलिमिटेडवाल्यांचं खास पाप नव्हे. जपानमधल्या साध्या सुशी दुकानांतही तेच चालतं. खरी वसाबीची गाठ महाग, पिकवायला कठीण, आणि किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तिचा झणका उतरतो. ती जिथे मिळते तिथे तुमच्यासमोर किसतात आणि बिलात दाखवतात.

‘खरे जपानी लोक असं खात नाहीत’

खातात, आणि आवडीने. तिथे याला ताबेहोदाई म्हणतात. मांस भाजून खायची याकिनिकू दुकानं, उकळत्या पाण्यात मांसाचे पातळ काप बुडवून खायचं शाबू-शाबू, गोडाधोडाचे बुफे, सगळीकडे हा प्रकार आहे. बहुधा 90 किंवा 120 मिनिटांची मुदत, आणि संपण्याआधी ‘लास्ट ऑर्डर’ची सूचना. 1958 मध्ये टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने स्कँडिनेव्हियन पद्धतीचा बुफे ‘व्हायकिंग’ या नावाने सुरू केला आणि जपानीत बुफेला आजही ‘बाइकिंगु’ म्हणतात. त्याच वर्षी ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी बिअर कारखान्यातला पट्टा पाहून फिरत्या पट्ट्यावरची सुशी सुरू केली. म्हणजे ‘अस्सल सुशी म्हणजे गंभीर चेहऱ्याचा आचारी आणि आठच खुर्च्या’ हे चित्र जपानी माणसाच्या रोजच्या जेवणाचं नाही.

‘अस्सल’च्या नावाने ज्याची आठवण काढली जाते तो नारिंगी सॅल्मन बघा. 1980 च्या दशकापर्यंत जपानात कच्च्या सॅल्मनची सुशी जवळजवळ नव्हती, कारण तिथल्या पॅसिफिक सॅल्मनमध्ये जंत असत आणि तो शिजवूनच खात. नॉर्वेने आपला शेतीतला सॅल्मन तिथे वर्षानुवर्षं चिकाटीने खपवला, तेव्हा तो सुशीवर चढला.

‘महागडं मांस मागवून मालकाला हरवा’

मालकाचं गणित एका टेबलावर चालत नाही. दहा जणांत दोघे तुटून पडतात, तिघे बेताचं खातात, एखादा सोबतीला आलेला असतो आणि पेयांचे पैसे वेगळे. दर ठरतो तो या सगळ्यांच्या सरासरीवर. तुम्ही तीन ताटं जादा रिचवली तर त्या सरासरीचा केसही वाकडा होत नाही. आणि तुमचे पैसे? बसलात तेव्हाच गेले. शेवटच्या ताटाने त्यातला एक छदामही परत येणार नाही; 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या रिचर्ड थेलर यांनी गेलेले पैसे वसूल करू पाहण्याच्या माणसाच्या याच खोडीवर बरंच लिहिलंय. ‘हे ताट मला आत्ता हवंय का’ हा एकच हिशेब उरतो, आणि पोट तो चोख करतं.

शिवाय हा सल्ला ग्रिलवर धोक्याचा आहे. घड्याळाकडे बघत जाळी मांसाने गच्च भरली की तिची आच उतरते. बाहेरून डाग पडतात, आत कच्चं राहतं. पातळ बीफ झटकन होतं, पण चिकनचा गाभा 75 अंशांवर किमान एक मिनिट राहायला हवा, अशी जपानमधली सूचना आहे. घाईत लोक ज्या चिमट्याने कच्चं मांस ठेवतात त्यानेच भाजलेलं उचलतात, त्याच चॉपस्टिकने सुशीही. 2011 मध्ये जपानमधल्या एका याकिनिकू साखळीत कच्च्या बीफमधल्या ई. कोलाय जीवाणूंमुळे पाच जण दगावले. त्यानंतर कच्च्या बीफचे नियम कडक झाले आणि जुलै 2012 पासून कच्चं बीफ लिव्हर वाढायलाच बंदी आली. एक चिमटा कच्च्याला, दुसरा शिजलेल्याला. नसेल तर मागून घ्या.

संदेशाने जे सांगायला हवं होतं

सावध राहायचंच असेल तर ‘व्हाइट ट्यूना’ या नावाखाली मिळणाऱ्या माशापासून राहा. ओशिआना या संस्थेने 2013 मध्ये अमेरिकेतल्या तपासणीचे निकाल जाहीर केले. त्यात व्हाइट ट्यूना म्हणून विकलेल्या नमुन्यांपैकी 84 टक्के नमुने एस्कोलार निघाले. हा मासा लोण्यासारखा मऊ, चवीला छान, पण त्यातली मेणासारखी चरबी माणसाला पचत नाही आणि जास्त खाल्ला तर तेलकट जुलाब होतात. जपानने त्याची विक्री केव्हाच बंद केली. ही फसवणूक महागड्या ठिकाणीही होते, पण एखाद-दुसऱ्या तुकड्याने बहुतेकांना काही होत नाही. त्रास प्रमाणाचा आहे. मेनूवर हे नाव दिसलं तर नेमका मासा कोणता, ते विचारा. ‘अल्बाकोर’ (ट्यूनाचीच एक जात) म्हणाले तर रंग बघा: अल्बाकोर फिकट गुलाबी असतो, एस्कोलार दुधी पांढरा. आणि संदेश मानून ‘वसूल’ करायला निघालेला माणूस नेमका याच माशाची चौथी फेरी मागवतो.